आमच्या वाटणीचा कातळ : सडा राखायचा कसा?

सड्यावरची | १२ जुलै, रात्री ९.४०

राजापूर तालुक्यातलं आमचं गाव उतारावर आहे आणि गावाच्या डोक्यावर सडा, म्हणजे जांभ्या कातळाचं उघडं पठार. परवा त्या सड्यावरच्या आमच्या तुकड्याचा सातबारा काढला. नऊ एकर. त्यातलं जवळजवळ सगळं क्षेत्र 'पोटखराब'मध्ये, म्हणजे लागवडीला अयोग्य. खातेदार सतरा. दोन आत्या, चुलत भावंडं, मुंबईचे, डोंबिवलीचे, एक भाऊ बडोद्याला.

सातबारा काढायचं कारण असं की एका चिरेखाणवाल्याने, म्हणजे बांधकामाला जांभ्याचे चिरे कापून नेणाऱ्याने, विचारणा केली आहे. पाच वर्षांचा करार, पैसे दरवर्षी आगाऊ. बडोद्याच्या भावाचा फोन आला, "तायडे, पडीकच आहे ना ती जागा? चार पैसे आले तर काय वाईट?" त्याचं काही चुकलं नाही. कागद त्याला तेच सांगतो. लहानपणी आम्ही सगळेच त्या जागेला 'वर काही नाही' असं म्हणायचो.

त्याच दिवशी सकाळी मी तिथे गेले होते. दीपकाडीचा बहर ओसरत आला होता, तरी कातळाच्या भेगांतून वीसेक पांढरी फुलं मान काढून होती. ही वनस्पती कोकणातल्या या सड्यांखेरीज जगात कुठे उगवत नाही. जमिनीखाली छोटा कांदा असतो, तो दहा महिने दगडाच्या कुशीत गप्प पडून राहतो आणि मिरगाचा पाऊस लागला की फूल घेऊन वर येतो. मी वयाची पस्तिशी ओलांडेपर्यंत तिचं नाव मला माहीत नव्हतं. माझ्याच वाटणीच्या जमिनीवर उगवत होती, आणि मी मुलांना वर्गात ट्यूलिपचं चित्र दाखवत होते.

मी शाळेत विज्ञान शिकवते. गेली तीन वर्षं सातवी-आठवीच्या मुलांना पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी सड्यावर नेते. सुरुवात झाली ती पाण्यावरून. सड्याच्या खालच्या अंगाला वाडीचा झरा आहे, पाट काढून तो पूर्वी पोफळीला द्यायचे. माझी आजी म्हणायची, "सडा नाय तर झरा नाय." मुलांना हे नुसतं सांगून पटत नाही, म्हणून त्यांना वर नेऊन दाखवलं. जांभा दगड स्पंजासारखा भोकाभोकांचा. चार महिने पाऊस त्यात मुरतो, खालच्या चिकणमातीच्या थराला अडतो आणि उताराला बाहेर येतो. एका मुलाने विचारलं, "बाई, मग वरचा दगड कापून नेला तर पाणी कुठे थांबेल?" सातवीतला मुलगा. त्याला उत्तर दिलं, पण सतरा खातेदारांना हेच कसं सांगायचं ते मला उमजलेलं नाही.

आमच्या तुकड्यात कातळशिल्प नाही. असतं तर काम सोपं झालं असतं. २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. बारसू, देवाचे गोठणे, देवीहसोळ, कशेळी, उक्षी अशी नावं आता सगळ्यांना ठाऊक झाली. कशेळीचा तो भलामोठा हत्ती आणि त्याच्या पोटात कोरलेले इतर प्राणी पाहायला लांबून लोक येतात. त्याचा मला आनंदच आहे. पण आमच्या सड्यावर आहेत ती फुलं, डबकी, बेडूक आणि गवत. त्यांच्यासाठी कोणी फलक लावत नाही.

जमीन विकत घेऊन कुंपण घालणं माझ्या ऐपतीत नाही, आणि तसं करावंसंही वाटत नाही. जमीन सगळ्यांचीच राहावी, गुरं चरावीत, शिमग्यात पालखी सड्यावरून जाते तशी जात राहावी, फक्त सडा फुटू नये. असं कोणी केलंय का? भावकीला कसं समजावलं? कायद्यात काही वाट आहे का? अनुभव असलेल्यांनी जरूर लिहा.

---

गेंदफूल | १२ जुलै, रात्री ११.१५

ताई, वाचून फार बरं वाटलं. मी वनस्पतीशास्त्राची विद्यार्थिनी, सड्यांवरच काम करते.

'वर काही नाही' या समजुतीचं मूळ उन्हाळ्यात आहे. मार्च-एप्रिलमध्ये सडा पाहिला तर काळा, तापलेला दगड आणि वाळकं गवत. मुंबईचा माणूस गावी येतो तोही नेमका मे महिन्यात. सड्याचं आयुष्य जून ते ऑक्टोबर. कातळावर माती बोटभर, कुठे तेवढीही नाही. त्यात अन्नद्रव्यं इतकी कमी की काही वनस्पतींनी किडे पकडायची सोय केली आहे. दवबिंदूच्या पानांवर चिकट थेंब असतात, सीतेच्या आसवांना पाण्याखाली इवल्या पिशव्या असतात. ऑगस्टच्या शेवटी सीतेच्या आसवांची निळी-जांभळी चादर आणि मधूनमधून पांढरे गेंद दिसले की समजायचं, ही जमीन गरीब आहे म्हणूनच एवढी फुलली. तिला 'सुधारायला' वरून लाल माती आणून टाकली की तण येतं आणि ही मंडळी निघून जातात.

यातूनच एक कळकळीची विनंती. वृक्षारोपणाच्या उत्साहात सड्यावर खड्डे खणू नका. झाडं लावणारे माझे मित्र चांगल्या मनाचे आहेत, पण झाड नाही म्हणजे जागा ओसाड, ही समजूत सड्याला खाणीइतकीच महागात पडते.

डॉ. अपर्णा वाटवे यांनी उत्तर सह्याद्री आणि कोकणातल्या सड्यांचा सविस्तर आढावा २०१३ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात संवर्धनाच्या शिफारशीही आहेत. तुमच्या ग्रामपंचायतीला दाखवायला तो उपयोगी पडेल.

आणि मुलांना एक जरूर सांगा. सुटा दगड उचलून पाहिला तर तो होता तसाच, त्याच बाजूने परत ठेवायचा. खाली देवगांडूळ असू शकतो. गांडुळासारखा दिसतो, पण तो बेडकांच्या गोतातला, पाठीचा कणा असलेला प्राणी. दगड उलटा राहिला तर त्याचं घर उन्हात पडतं.

---

चाकरमानी_लालबाग | १३ जुलै, सकाळी ७.५५

मी तुमच्या सतरा जणांपैकी असू शकलो असतो, म्हणून त्यांची बाजू मांडतो. राग नसावा.

आमच्या चुलत्यांनी २००० सालच्या आसपास कातळात सुरुंग लावून खड्डे केले, ट्रकने माती आणली आणि हापूसची कलमं लावली. पहिली सात-आठ वर्षं उन्हाळ्यात डोक्यावरून पाणी घातलं. त्या बागेवर त्यांची दोन मुलं शिकली, एक मुलगी नर्स झाली. तो कातळ तसाच ठेवला असता तर काय मिळालं असतं? चार पेंढ्या गवत. ते विकत घ्यायलाही आता कोणी नाही, कारण गुरंच उरली नाहीत.

फुलं सुंदर असतील, मी नाही म्हणत नाही. पण ज्या माणसाच्या नावावर गावात दुसरं काहीच नाही, त्याला फक्त 'राख' म्हणून सांगणं म्हणजे सगळ्या गावासाठी त्या एकट्याने उपास करणं. झऱ्याचं पाणी सगळी वाडी पिणार आणि वर खाण न काढण्याचा तोटा सातबाऱ्यावरच्यांनी सोसायचा. हे गणित आधी सोडवा, मग शिकवण.

---

सड्यावरची | १३ जुलै, दुपारी ३.२०

@चाकरमानी_लालबाग, राग कसला! तुमचं शेवटचं वाक्य मी वहीत उतरवून घेतलं. हाच प्रश्न आहे, आणि मी तो शाळेच्या बाजूने बघत असल्यामुळे माझ्याकडून सुटत होता. तुमच्या चुलत्यांना दोष द्यायची माझी प्राज्ञा नाही. आमच्या घरीही कलमं आहेत, माझी फी त्यातूनच भरली.

गवताचं मात्र सांगते. आमच्याकडे गुरं कमी झाली तसं सड्यावर चरणंही थांबलं. आता उन्हाळ्यात वणवे जास्त लागतात, कारण वाळलेलं गवत तसंच उभं राहतं. म्हणजे 'काहीच करू नका' हेही उत्तर नाही.

---

रानहळद | १३ जुलै, रात्री ८.३०

चाकरमानी यांच्या प्रश्नाला सड्याबाहेरचं, पण शेजारचं उदाहरण देते. संगमेश्वर भागात अप्लाइड एन्व्हायरन्मेंटल रिसर्च फाउंडेशन ही पुण्याची संस्था बरीच वर्षं देवराया आणि खासगी रानांवर काम करते. खासगी रान लाकूडफाट्यासाठी तोडायला जायचं. त्यांनी मालकांशी संवर्धन करार केले : अमुक वर्षं तोड करायची नाही, त्याबदली मोबदला.

त्याहून मला आवडली ती बेहड्याची गोष्ट. जुन्या बेहड्याच्या ढोलीत धनेश पक्षी घरटं करतो, पण लाकडासाठी तेच झाड आधी पडायचं. त्यांनी हिरडा-बेहड्याची फळं नियमाने गोळा करण्याची पद्धत बसवली, त्याला फेअरवाइल्ड हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं आणि परदेशी चहा-औषधी कंपनीला फळं चांगल्या भावाने जाऊ लागली. उभ्या झाडाला किंमत आली. करार कागदावर होता, पण झाड राहिलं ते दरवर्षी पिशवीत पैसे येतात म्हणून.

सड्यावर बेहडा नाही हे मला कळतं. पण मालक मालकच राहतो आणि राखण्याचा मोबदला मिळतो, ही घडी आपल्याच जिल्ह्यात बसलेली आहे.

---

खाणीवरचा | १४ जुलै, रात्री १०.०५

या धाग्यावर लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. आमच्या घरात दोन पिढ्या चिऱ्याची खाण. वडील हाताने चिरा काढायचे, आता मशीन आहे. तुमची-माझी घरं, शाळा, देवळं याच चिऱ्याची, त्यामुळे चिरा वाईट असं मी म्हणणार नाही. घाम गाळून खाल्लंय.

पण मालक करार करताना काय विचारत नाहीत ते सांगतो. भाव विचारतात. खाण संपल्यावर काय, हे कोणी विचारत नाही. वरचा थर कामाचा नसतो, तो काढून बाजूला ढीग लावतात. चांगला चिरा संपला की मशीन पुढच्या तुकड्यात जातं. मागे राहतो चौकोनी खड्डा, सरळ भिंतींचा. पावसात भरतो, जनावर पडलं तर बाहेर येत नाही. आमच्या जुन्या खाणीला पंचवीस वर्षं होऊन गेली. कडेने रानमोडी आणि थोडं गवत आलंय. ताई म्हणतात ती पांढरी फुलं मी लहानपणी तिथे पाहिलेली आहेत, आता नाहीत.

माझं प्रामाणिक मत : जिथे एकदा फोडलंय तिथला दगड पुरता वापरावा, आणि न फोडलेल्या सड्याला हात लावू नये. फोडलेला सडा परत करता येत नाही. एवढं तुमच्या भावाला माझ्या वतीने सांगा.

---

माळटिटवी | १४ जुलै, रात्री १०.४०

@खाणीवरचा, दादा, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. खाणीत आयुष्य गेलेल्या घरातून हे आलं, याचं वजन वेगळं आहे.

---

यवतेश्वरची_पायवाट | १५ जुलै, दुपारी १२.३०

मी सातारची. कासचा अनुभव सांगते, दोन्ही अंगांनी.

२०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या ३९ स्थळांपैकी एक म्हणून कास जागतिक वारशात गेलं आणि गर्दीचा लोंढा आला. फुलांवर बसून फोटो, गाड्या थेट पठारावर. मग वनखात्याने आजूबाजूच्या गावांच्या समित्यांना सोबत घेतलं. गावची मुलं-मुली मार्गदर्शक झाली, प्रवेशशुल्क लागलं, दिवसाची माणसं मोजून सोडू लागले. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाला त्या दीड-दोन महिन्यांच्या हंगामाचा मोठा आधार आहे. चाकरमानी म्हणतात त्या गणिताचं हे एक उत्तर.

पण एक चूकही झाली, ती तुम्ही टाळा. फुलं वाचवायला पठाराला जाळीचं कुंपण घातलं. गुरं थांबली. हळूहळू गवत माजलं आणि वीतभर उंचीच्या फुलझाडांना ऊन मिळेना. गावातली जुनी माणसं पहिल्यापासून सांगत होती की गुरं चरायची म्हणून फुलं यायची. शेवटी कुंपण काढावं लागलं. शिकलेल्या माणसांनी गुराख्याला विचारायला उशीर केला, याचं मला वाईट वाटतं. ताई, तुमच्या सड्यावर शेवटची गुरं कोणाची होती, त्या माणसाला आधी शोधा.

गर्दीचं उत्पन्न हवं की नको, हेही आधी ठरवा. कासला गाव तयार व्हायच्या आधी गर्दी आली.

---

सातबारा_आणि_मी | १६ जुलै, सकाळी ११.१०

मी जमिनीच्या खटल्यांत वकिली करते. कायद्याचं थोडक्यात लिहिते.

पहिलं म्हणजे पोटखराब. हा महसुली शब्द आहे. 'इथून शेतसारा मिळणार नाही' एवढाच त्याचा अर्थ. जमीन निरुपयोगी आहे असा निवाडा त्यात नाही. हे भावकीला शब्दशः सांगा, कारण अर्ध्या चुका या एका शब्दाने होतात.

दुसरं, सामाईक खात्यावर सगळ्या सहहिस्सेदारांच्या संमतीशिवाय खाणीचा करार निर्वेध होत नाही. चिरा गौण खनिजात येतो, त्याला परवानगी आणि स्वामित्वधन (रॉयल्टी) लागतं. म्हणजे तुमची हरकत लेखी असेल तर तिला अर्थ आहे. पण मी हा मार्ग शेवटचा धरेन. भावकी कोर्टात गेली की सडा राहतो आणि गणपतीला घर रिकामं राहतं.

राखण्याच्या वाटा दोन. जैविक विविधता कायदा, २००२ च्या कलम ३७ खाली राज्य सरकार स्थानिक संस्थांशी सल्लामसलत करून 'जैवविविधता वारसा स्थळ' जाहीर करू शकतं. दोडामार्गजवळ बांबर्डे इथली रानजायफळाची दलदल २०२० मध्ये, आणि आंबोलीत हिरण्यकेशीचा परिसर २०२१ मध्ये असा जाहीर झाला. हिरण्यकेशीला कारण ठरला तिथे सापडलेला एक नवा मासा. जागा मोठ्या असाव्या लागत नाहीत, ही दोन्ही स्थळं प्रत्येकी तीन हेक्टरांच्या आतली आहेत.

दुसरी वाट वन्यजीव कायद्यातलं कलम ३६सी, 'समुदाय राखीव क्षेत्र'. खासगी जमीनमालक स्वेच्छेने पुढे आले तर होतं. मालकी तुमचीच राहते, पण एकदा जाहीर झालं की जमिनीचा वापर बदलायला समितीचा ठराव आणि सरकारची मंजुरी लागते. म्हणून सतराही जणांना पूर्ण समजल्याशिवाय सही मागू नका.

आणि आज, फुकट करता येईल असं एक काम : ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे लोक जैवविविधता नोंदवही असते. तीत सड्याची पानं भरली आहेत का ते पाहा. बहुतेक गावांत ती वही कपाटात असते आणि सडा तीत नसतो.

---

गॉलवेहून | १८ जुलै, पहाटे २.१५

मूळ देवरुखचा, आता नोकरीनिमित्त आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्याला. इथून तासाभरावर क्लेअर परगण्यात बरेन नावाचा प्रदेश आहे. पहिल्यांदा गेलो तेव्हा गाडीतून उतरलो आणि घराची आठवण येऊन गळाच दाटला. मैलोगणती उघडा दगड, भेगांतून फुलं. फरक एवढाच की दगड चुनखडीचा करडा आहे, आपल्या जांभ्यासारखा नाही.

तिथली रीत अशी की गुरं हिवाळ्यात डोंगरावर चरायला नेतात आणि उन्हाळ्यात खाली आणतात. गुरांनी हिवाळ्यात जुनं गवत खाल्लं की वसंतात फुलांना मोकळं रान मिळतं. मधल्या काळात ही रीत सुटू लागली आणि हेझलची झुडपं माजली. म्हणजे कासचीच गोष्ट!

त्यांनी शेतकऱ्यांना पैसे द्यायची जी तऱ्हा बसवली ती मला फार पटली. दरवर्षी शेताला दहापैकी गुण मिळतात, जेवढी कुरणाची तब्येत चांगली तेवढे गुण आणि तेवढे पैसे. काय करायचं ते शेतकरी ठरवतो. 'फुलं' हेच त्याचं पीक झालं. पैसा सरकारचा आणि युरोपीय संघाचा, आपल्याकडे तो कुठून आणायचा हा प्रश्न आहेच.

पण दुसरी बाजू बिनपैशाची आहे. बरेनबिओ ट्रस्ट ही तिथली संस्था परिसरातल्या प्राथमिक शाळांत मुलांना त्यांच्याच गावाचा दगड, फुलं, जुनी कुंपणं, गोष्टी शिकवते. ताई, तुम्ही एकटीने सुरू केलंय ते हेच आहे.

---

पाटीपेन्सिल | १८ जुलै, सायंकाळी ६.००

मीही शिक्षिका, लांज्याकडची. आमच्या शाळेलगतही सडा आहे. मुलांकडून वर नेमकं काय करून घेता? तपशीलवार लिहाल का? एक दिवसाची सहल होते आणि निबंध लिहिला की विषय संपतो, असं आमचं होतं.

---

सड्यावरची | १९ जुलै, रात्री ९.००

सगळ्यांचे आभार आधी मानते. आठवडाभर रोज रात्री हा धागा उघडून वाचते आहे.

@पाटीपेन्सिल, आमचंही पहिल्या वर्षी सहलच झाली होती. बदल झाला तो 'चौकटी'ने. सुतळीची एक मीटर लांब-रुंद चौकट, चार कोपऱ्यांना चार दगड. प्रत्येक चार मुलांच्या गटाची एक चौकट, वर्षभर तीच. दर पंधरवड्याला तिथेच बसायचं, वहीत चौकट आखून काय कुठे आहे ते काढायचं. नाव माहीत नसेल तर स्वतः ठेवायचं. एका गटाने दवबिंदूला 'काचेची केसाळ' म्हटलं होतं, खरं नाव कळल्यावरही त्यांना आपलंच आवडतं. ऑक्टोबरात सगळी पानं एकामागे एक ठेवली की मुलांना दिसतं, जूनमध्ये नुसता ओला दगड, सप्टेंबरात पाय ठेवायला जागा नाही, पुन्हा वाळकं. आपल्या चौकटीवर कोणी पाय दिला तर मुलं भांडतात. सड्याशी त्यांचं नातं जुळलं ते त्या सुतळीमुळे.

दुसरं, झऱ्याखालची विहीर. दोरीला हात-हात अंतरावर गाठी मारल्या आहेत. दर सोमवारी दोन मुलं दोरी सोडून पाणी किती गाठी खाली आहे ते फळ्यावर लिहितात. शेजारी पावसाचं माप, पावसाळ्यात रोजचं. मे महिन्यात पाणी कुठवर टिकलं हे तीन वर्षांचं आता आमच्याकडे आहे. तीन वर्षांवरून मी कुठलाही निष्कर्ष काढत नाही, पण वाडीतली माणसं जाता-येता फळा वाचतात.

तिसरं मला सर्वांत जवळचं. मुलांनी घरी जाऊन आजी-आजोबांना सड्यावरच्या जागांची नावं विचारायची. मला वाटलं होतं पाच-सहा येतील, एकोणचाळीस आली! वाघबीळ, म्हशीचं डबकं, पालखीचा थांबा, सुकटीचा कातळ (तिथे सुकट वाळत घालायचे), बाळंतिणीचा दगड. 'वर काही नाही' असं आम्ही ज्याला म्हणत होतो त्याला आमच्याच आज्यांनी एकोणचाळीस नावं दिली होती. मुलांनी नकाशा केला, तो शाळेच्या व्हरांड्यात लावला आहे.

सावधगिरी : बंद बूट आणि हातात काठी. सड्यावर फुरशी (विषारी साप) असतात, दगडाच्या रंगाची, दिसत नाहीत. वीज कडाडत असेल तर जायचंच नाही, उघड्यावर आडोसा नाही.

@यवतेश्वरची_पायवाट, तुमचं ऐकून शोध घेतला. शेवटची गुरं खालच्या वाडीतल्या एका आजोबांची, सहा वर्षांपूर्वी विकली. त्यांच्याकडे जाऊन बसले. ते म्हणाले, "गवत दिवाळीनंतर कापायचं, फूल झडून बी पडल्यावर. आधी नाय." हे वाक्य मला कुठल्याही पुस्तकात मिळालं नव्हतं.

---

चाकरमानी_लालबाग | १९ जुलै, रात्री ११.५०

दिवाळीनंतर गवत कापलं तर वणवाही कमी होईल. आंबा बागायतदारांना पेट्यांत घालायला गवत लागतं, मी स्वतः भरलंय. सगळा सडा तेवढ्याने पोसणार नाही, पण शून्यही नाही. विचारून बघा.

---

सड्यावरची | ९ सप्टेंबर, रात्री १०.१०

बरेच दिवस इथे आले नाही. गणपतीत सगळे गावी होते, त्यामुळे काय झालं ते लिहिते.

सतरापैकी तेरा जण आले होते. मी भाषण केलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस उघडला तसं सगळ्यांना वर नेलं आणि बोलायचं काम आठवीतल्या तीन मुलींवर सोपवलं. सडा निळा झाला होता, सीतेची आसवं भरात. माझी थोरली आत्या ७८ वर्षांची, काठी टेकत आली. मुलींनी नकाशा उलगडला आणि सुकटीचा कातळ कुठला ते दाखवलं. आत्या म्हणाली, "नाय गो, हा नव्हे, तो पलीकडे," आणि तिने आणखी चार नावं सांगितली. मग ती तिथेच बसली आणि लहानपणी गुरांमागे यायची तेव्हाचं बोलत राहिली. बडोद्याच्या भावाने हे कधीच ऐकलेलं नव्हतं. मीही नाही.

संध्याकाळी @खाणीवरचा यांचा प्रतिसाद मी मोठ्याने वाचून दाखवला. खड्ड्याच्या सरळ भिंतींपाशी आल्यावर कोणी बोललं नाही.

ठरलं ते एवढं. खाणीचा करार दोन वर्षं करायचा नाही, यावर अकरा जणांनी साध्या कागदावर सह्या केल्या. दोघांनी केल्या नाहीत. त्यातल्या एकाच्या मुलाचं इंजिनिअरिंग सुरू आहे आणि त्याला पैशांची खरीच निकड आहे. त्याला मी काही बोलले नाही. भावकीतल्या काहींनी मिळून त्याच्या मुलाच्या या वर्षीच्या फीला हातभार लावायचं ठरवलं आहे. त्याने सही केलेली नाही, पण 'बघू' म्हणाला. न आलेल्या चौघांना कागद पाठवला आहे. समुदाय राखीव क्षेत्राचं मी अजून पुढे काढलं नाही, वकीलताईंनी सांगितलं तसं आधी सगळ्यांना समजू दे.

ग्रामपंचायतीची नोंदवही कपाटातच होती. सड्यावर त्यात एक ओळ होती, 'कातळ, पडीक.' सरपंचबाईंनी ती मुलांकडे दिली. आता तिथे नऊ पानं झाली आहेत, त्यात आत्याची चार नावंही आहेत.

आंब्याच्या दोन बागायतदारांनी गवत घ्यायची तयारी दाखवली आहे. भाव ठरायचा आहे. आजोबा दिवाळीनंतर कापणीला स्वतः उभे राहणार आहेत.

---

चाकरमानी_लालबाग | १० सप्टेंबर, सकाळी ८.०५

माझी मुलं अकरा आणि आठ वर्षांची आहेत. त्यांनी सडा फक्त मे महिन्यात पाहिलाय, तोही गाडीच्या काचेतून. पुढच्या शनिवारी आणू का? तुमच्या मुलांबरोबर चालतील.

---

सड्यावरची | १० सप्टेंबर, दुपारी १.३०

आणा की! सकाळी सातला शाळेच्या फाटकापाशी या. बंद बूट लागतील. एक चौकट रिकामी आहे, म्हशीच्या डबक्याजवळची, ती त्यांच्यासाठी राखून ठेवते. सुतळी मी आणते.